दादाला माहीत होतं
इथल्या यिशुन मेट्रो स्टेशनचे जिने मी धावत चढत होते, वर गाडी आलेली दिसत होती. पुढचं मला आठवत नाही. शुद्ध आली ती हॉस्पिटलात. नवरा सांगत होता की स्टेशनवरच्या एका बाईने माझी छाती दाबत ठेवली, आणि भिंतीवरचं शॉक द्यायचं मशीन आणून दुसऱ्या कुणीतरी माझं थांबलेलं हृदय चालू केलं.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?"

बाबा गेले होते, सेहेचाळिसाव्या वर्षी, बस पकडायला धावताना. हार्ट अटॅक, असंच आम्ही सगळ्यांना सांगत आलो.

"तो अटॅक नसावा," त्या म्हणाल्या. ईसीजीत दोन खुणांमधलं अंतर माझ्या बाबतीत लांबलेलं होतं. जन्मजात दोष, बहुधा वडिलांकडून आलेला. धावताना, पोहताना ठोक्यांची लय बिघडते आणि माणूस जागच्या जागी जातो. "हे आधी कळू शकलं असतं. तुम्हाला भाऊ आहे ना? त्यांना आजच कळवा."

मी घाबरून पुण्याला दादाला फोन लावला. "दादा, उद्याच्या उद्या ईसीजी काढून घे."

तो म्हणाला, "माझा काढलाय. बाबा गेले त्याच वर्षी."

"मग?"

"मला आहे ते. गोळी चालू आहे."

"डॉक्टर माझ्याबद्दल काही बोलले नव्हते?"

"म्हणाले होते, बहिणीचाही काढा. पण तुझं लग्न ठरत होतं. आई म्हणाली, आत्ता नको. मग तू तिकडे परदेशी गेलीस, तुझं सगळं छान चाललेलं. राहून गेलं."

आई आता नाही, तिला विचारता येत नाही. पण एकोणीस वर्षं राहून गेलं म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही.

फोन ठेवल्यावर गेल्या डिसेंबरातली गोष्ट आठवली. दादा मुलीला घेऊन आमच्याकडे आठवडाभर राहिला होता. आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, पूलमध्ये त्याने तिला उतरू दिलं नाही, सर्दी होईल म्हणाला. माझी लेक मात्र पोहत होती, आणि तो काठावर बसून तिच्या फेऱ्या मोजत होता.

माझ्या छातीत आता डबीएवढं यंत्र आहे. लय बिघडली तर ते आतूनच शॉक देईल. लेकीची तपासणी केली. तिलाही आहे. तिचं पोहणं बंद झालं, गोळी सुरू झाली. रिपोर्ट बघून तिने विचारलं, "सो मामाला माहीत होतं, इझ इट?"

मी हो म्हटलं. खोटं बोलून दादाला वाचवायची मला इच्छा झाली नाही.

त्या आठवड्यात मी आत्याच्या तिन्ही मुलांना फोन केले. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. मधल्याचा ईसीजी तसाच निघाला.

मग दादाचा फोन आला. "तू सगळ्यांना सांगत सुटलीयस म्हणे."

"हो," मी म्हटलं. "तुझी गोळी घेतलीस का आज?"

तो घेतली म्हणाला.