बीज द्यायला अकोल्याला

नांदगाव खंडेश्वरहून सकाळची एसटी धरायला निघालो तेव्हा थंडी चांगलीच होती. आम्ही तिघी होतो. मी, माझी सून सारिका आणि पाच वर्षांची नात परी. शेजारीण अंगण झाडत होती. "कुठं चालल्या वं मायबाई?" तिने विचारलं.

"अकोल्याले. सारिका आपलं बीज देऊन राहिली, ज्या बाईले लेकरू होत नाही तिच्यासाठी."

शेजारणीचा झाडू हातातच राहिला. मला लपवाछपवी जमत नाही.

कारणही सांगून टाकते. सारिकाची मोठी बहीण ज्योती अमरावतीला राहते. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी कुणा परक्या बाईचं बीज घेतलं, ज्योतीच्या नवऱ्याच्या बीजाशी जुळवलं आणि गर्भ ज्योतीच्या पोटात ठेवला. मुलगा झाला. बीज देणारी बाई कोण, ते कायद्याने सांगत नाहीत. तेव्हापासून सारिकाने मनात धरलं होतं. "तिले काही परत देता येत नाही ना, आई. मंग मी दुसऱ्या कोणाले तरी देईन." माझ्या गणेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, हो म्हटलं. पण नुसतं मनात असून भागत नाही. तपासणीत पास व्हावं लागतं आणि स्वतःचं एक तरी मूल असावं लागतं. तेही आयुष्यात एकदाच देता येतं.

अमरावतीला ज्योती स्टँडवरच आली होती, पोराला कडेवर घेऊन. मी त्याला नीट निरखून पाहिलं. कान बापाचे. हनुवटी मात्र दोन्ही घरांत कुणाची नाही. ती हनुवटी कुठून आली असेल, या विचाराने मी त्या गर्दीत उभीच राहिले. मग ज्योतीने गिला वडा (दह्यातला वडा, वरून तिखट चटणी) खाऊ घातला. सारिकाने अर्धा टाकला. मी तो संपवला.

अकोल्याचा रस्ता आता गुळगुळीत झाला आहे. दोन्हीकडे काळी सपाट जमीन, कपाशी फुटून पांढरी झालेली, मधे तुरीचे पिवळे पट्टे. मूर्तिजापूरला बस थांबली तिथे माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभार सापडेना, म्हणून सारिकाची सेफ्टी पिन लावून तशीच अकोल्याला उतरले.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, थंडगार. आधी एका तरुण बाईपुढे बसवलं. ती प्रश्न विचारत होती.

"तुमचं स्वतःचं मूल?"

"हे काय, हे परी," सारिका म्हणाली.

तेवढ्यात परी सारिकाचा पदर ओढून म्हणाली, "वहिनी, पानी दे ना."

बाईने मान वर केली. "बाळा, तुझी आई कोण?"

परीने माझ्याकडे बोट केलं.

"मग या कोण?"

"हे तं वहिनी होय."

बाईने पेन खाली ठेवलं. "आजी, एजंट लोक दुसऱ्यांची मुलं सोबत देऊन बायका आणतात. इथे ते चालत नाही."

सारिकाचा चेहरा उतरला. "म्याडम, माहीच हाय ते. खरंच."

माझं डोकं तापलं. "वा वं बाई! माह्ये दोन धाकटे पोरं हिले वहिनी म्हणतात, ते ऐकून पोट्टी (पोरगी) बी वहिनीच म्हणते. मले सारं घर आई म्हणते. म्हणून का हे पोट्टी म्या पैदा केली? माह्या वयाकडं तं पाह्य!"

बाकावरच्या बायका हसल्या. ती बाई हसली नाही.

आवाज ऐकून मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. डोकं पांढरं, पायात साधी चप्पल. त्यांनी सगळं ऐकलं. "मी माझ्या आईला कॉलेजात जाईपर्यंत काकी म्हणत होते," त्या म्हणाल्या. "एकत्र घर होतं आमचं. पण आजी, मुलीचा जन्मदाखला मात्र लागेल."

गणेशला फोन केला. तो दुकान बंद करून घरी गेला, कपाट उपसायला लागला. तोवर आम्ही बसून. सारिकाने परीला मांडीवर ओढलं. "मले आई म्हण ना वं एक डाव."

"काहून?" परीने विचारलं.

सारिकाने तिची वेणी सोडून पुन्हा घातली.

दाखल्याचा फोटो मोबाइलवर आला आणि सारिकाला आत घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मलाही बोलावलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर राखाडी धुकं होतं, त्यात काळे काळे गोल, मुगाच्या दाण्याएवढे. "यांत बीजं असतात," त्या म्हणाल्या. "ही आता तयार होत नाहीत, आजी. बाई स्वतः आईच्या पोटात असते, तेव्हाच ही तिच्यात आलेली असतात."

मी चौथी शिकलेली बाई. दोनदा विचारून घेतलं. म्हणजे मी माझ्या मायच्या पोटात होते, तेव्हा माझ्या गणेशचं बीज माझ्यात होतंच. माझी माय तेव्हा लोकांच्या शेतात निंदण करत होती. तिच्या पोटात मी आणि माझ्यात तो. तिला काय ठाऊक? मी त्या पडद्याला हात जोडले. देवळातही मी एवढ्या मनाने जोडत नाही.

रक्ताचे रिपोर्ट आल्यावर फोन आला, सारिका पास. मग पुन्हा आम्ही तिघी अकोल्याला, इंजेक्शनं, आणि बीज काढलं तो दिवस. सारिका गुंगीतून जागी झाली ती विचारतच. "चांगलं भेटलं का?" नर्स म्हणाली, "भेटलं, ताई." कोणाला जाणार, ते आम्हीही विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये सारिका परीला कुशीत घेऊन झोपली. बडनेऱ्याला एक तरुण बाई चढली. हातात दवाखान्याची पिशवी, डोळे सुजलेले, सोबत गप्प नवरा. खिडकीची जागा मी कधी कुणाला सोडत नाही. तिला सोडली. ती बसली, बाहेर पाहू लागली. तिला काय झालं होतं, मला माहीत नाही. मी दांडा धरून अमरावतीपर्यंत उभी राहिले.