मांजरीचं अंडं

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मानसोपचार वॉर्डाच्या यादीत माझं नाव लागलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की तो कुणाला दिसू नये म्हणून मी तोंड वाकडं करून फलकासमोर उभी राहिले. बाकीच्या मुली खरोखर घाबरल्या होत्या. मी लहानपणापासून कमी बोलणारी. पाहुणे आले की पाण्याचा ट्रे ठेवून आत पळणारी. आणि या विषयाचं आमचं इंग्रजी पुस्तक सांगत होतं की इथे नर्सचं खरं काम ऐकण्याचं आहे. ऐकणं तर मी आयुष्यभर करत आले होते! त्या रात्री मी पुस्तकातली संवादाची प्रकरणं दोनदा वाचली.

सकाळी पंचवटीतून बसने वॉर्डात जाताना मात्र लक्षात आलं, पेशंटशी मराठीत बोलायचंय. पुस्तकातली सगळी वाक्यं इंग्रजीत होती आणि माझी शाळाही इंग्रजी. मराठी घरी बोलायचो, पण लिहायची म्हटली की माझी र्‍हस्व-दीर्घाची दाणादाण उडायची. एका ट्रस्टच्या दवाखान्यातला तो सोळा खाटांचा बायकांचा वॉर्ड होता. आमच्या कॉलेजच्या मॅडमनी मला खिडकीजवळची खाट दाखवली. "ही तुझी पेशंट. रोज अर्धा तास बसायचं आणि प्रोसेस रेकॉर्डिंग लिहायचं."

प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणजे पेशंटशी झालेलं बोलणं जसंच्या तसं वहीत उतरवणं. एका रकान्यात मी काय म्हटलं, दुसऱ्यात ती काय म्हणाली, तिसऱ्यात मला त्यावरून काय वाटलं. "शब्द सुधारायचे नाहीत," मॅडमनी बजावलं. "पेशंट चुकीचं बोलली तर चुकीचं लिहा."

माझी पेशंट सटाण्याकडच्या एका खेड्यातली, माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठी. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी तिची झोप उडाली, जेवण सुटलं, कानात आवाज यायला लागले आणि एका पहाटे ती एकटीच शिवारात चालत गेलेली सापडली. दीर तिला इथे घेऊन आला होता. औषधांनी आवाज थांबले असावेत, असं डॉक्टरांना वाटत होतं, पण तिचं पुटपुटणं असंबद्ध होतं. केस पेपरवर नोंदी होत्या: अंडी मागते. अंडं दिलं, भिंतीवर फेकलं. मांजर दिसत असावी.

वॉर्डातल्या मावशी सुरगाण्याच्या, मोठ्या गप्पिष्ट. त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. "बाईला मांजरीचं अंडं पायजे. दिसभर तेच पुटपुटती, मनी अंडे, मनी अंडे. मी म्हनलं, बाई, आमच्याकडं कोंबडीचं भेटंल. तर फेकून मारलं की! माझा पदर लय खराब झाला."

वॉर्डाच्या सिस्टर हसल्या. त्या सांगलीच्या. मीही हसले, कारण नवीन मुलीनं हसायचं असतं. मग सिस्टर सहज म्हणाल्या, "सोमवारच्या राऊंडनंतर तिला मोठ्या मनोरुग्णालयात पाठवायचंय. दीर गाडी घेऊन येतोय. तुला दुसरी पेशंट देऊ."

त्या मोठ्या रुग्णालयात गेलेल्या बायकांना न्यायला घरचे सहसा परत येत नाहीत, हे मला नंतर मावशींनी सांगितलं. आवाज खाली आणून सांगितलं, म्हणून मला ते खरं वाटलं.

मी खाटेजवळ स्टूल ओढलं. पुस्तकातलं पहिलं वाक्य मी आदल्या दिवशी मराठीत करून ठेवलं होतं. "मी तुमच्यासोबत थोडा वेळ व्यतीत करू का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचीच लाज वाटली. पुढचं वाक्य होतं, "तुम्ही दुःखी दिसता." ते मी म्हटलंच नाही. नुसती बसले. वीस मिनिटं गेली असतील. खिडकीतून गॅलरीत वाळत टाकलेल्या चादरी दिसत होत्या. मग तिनं ओठ अगदी थोडे हलवले. मी पुढे वाकले.

जे ऐकू आलं ते मी वहीत टिपलं. कळलं काहीच नव्हतं. पण मला काही न कळणं नवीन नव्हतं. दळण, निवडण, सावड असे शब्द मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हते. हाही असाच एखादा मराठी शब्द असेल जो सगळ्यांना येतो आणि मला येत नाही, असं मी धरून चालले. विचारायची हिंमत नव्हती. म्हणून एकेक अक्षर कानाला लागलं तसं लिहिलं. शुक्रवार, शनिवार, दोन्ही दिवस तसंच. शनिवारी ती जरा जास्त बोलली, आणि निघताना तिनं माझ्या एप्रनचं टोक धरून ठेवलं. ते सोडवून घेताना मला फार वाईट वाटलं.

रविवारी दुपारी हॉस्टेलच्या गॅलरीत मी वही नीट उतरवून काढत होते. सोमवारी मॅडमना द्यायची होती आणि लाल शाईची धास्ती होती. माझी रूममेट शेजारी केसांना तेल लावत बसली होती. ती सटाण्याची. तिचं मराठी इतकं शुद्ध की माझी वही नेहमी तीच तपासायची.

"अगं, 'आंडेर'मध्ये अनुस्वार आ वर की डे वर?" मी विचारलं.

तिचा तेलाचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"आंडेर. 'मनी आंडेर कठे शे.' आणि 'माले दखाडा.' हे शब्द जोडून लिहायचे का?"

"हे कुठून आणलंस तू?"

"पेशंटनं म्हटलं. मांजरीचं अंडं मागते ना, ती."

माझी रूममेट एवढ्या जोरात हसली की तेलाची वाटी कलंडली. मग एकदम तेलकट हातानंच तिनं वही ओढून घेतली. "अगं बावळट, कसलं अंडं आणि कसली मांजर! 'मनी' म्हणजे माझी. 'आंडेर' म्हणजे मुलगी. माझी मुलगी कुठे आहे, मला दाखवा, असं म्हणतेय ती. अहिराणी आहे ही. माझी आई असंच बोलते."

"तू तर कधीच असं बोलत नाहीस."

"बोलू? म्हणजे तुम्ही सगळ्या हसायला मोकळ्या!"

दीड वर्ष आम्ही एका खोलीत राहत होतो. तिनंही काही झाकून ठेवलं असेल, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

"आणि हे काय लिहिलंस?" तिनं तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. ती म्हणाली होती, 'मनाबिगर ती नही जपस.' त्यापुढे मी मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं: जपाचा उल्लेख, धार्मिक विचारांचा पगडा असावा.

"जपस म्हणजे झोपते. माझ्याशिवाय ती झोपत नाही, म्हणतेय."

मी कान लाल होईपर्यंत ते वाक्य खोडत राहिले. पण आतून मला नाचावंसं वाटत होतं. ती बाई वेडंवाकडं बोलत नव्हती! तिला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याचं मुख्य कारण तर तेच होतं. वही कधी एकदा वॉर्डात नेऊन दाखवते, असं मला झालं. रूममेटची सोमवारी सर्जिकल वॉर्डात ड्युटी होती, तिला येता येणार नव्हतं. म्हणून तिनं मला एक प्रश्न अहिराणीत घोकून पाठ करायला लावला: तुमची मुलगी किती महिन्यांची आहे. मी तो जेवताना म्हटला, कपडे धुताना म्हटला.

सोमवारी सकाळी सात वाजता मी सिस्टरना गाठलं आणि वही पुढे केली. त्यांनी वाचलं आणि वही मिटून माझ्या हातात परत दिली. "मला नको सांगूस. पाठवणीचा कागद डॉक्टरांनी लिहिलाय. राऊंडला त्यांनाच सांग."

राऊंडला विद्यार्थिनी बोलत नसत. बीपीचं यंत्र धरून मागे उभं राहायचं, एवढंच. डॉक्टर खिडकीजवळच्या खाटेपर्यंत आले. दीर दाराशी उभा होता, हातात कपड्यांची पिशवी. डॉक्टरांनी सहीसाठी पेन काढलं.

"सर," मी म्हटलं. आवाज कुणापर्यंत पोचलाच नाही. "सर!" आता तो फारच मोठा निघाला. सगळे वळले. काय सांगायचं ते डोक्यातून पार गेलं, म्हणून मी सरळ तिच्याकडेच वळले आणि पाठ केलेला प्रश्न विचारला.

"तुमनी आंडोर कितला महिनानी शे?"

तिच्या कपाळाला आठी पडली.

"आंडोर नही," ती स्पष्ट म्हणाली. "आंडोर म्हंजे पोऱ्या. आंडेर. मनी पोर शे, पोर."

"आंडेर," मी म्हटलं.

"हां. सात महिनानी."

मावशींनी तोंडावर हात ठेवला. मी वही उघडून डॉक्टरांना भराभर सांगत सुटले, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, मांजर, अंडं, दखाडा, सगळं एकत्र. त्यांनी मला थांबवलं नाही. त्यांनी तिला सावकाश मुलीचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. वार कोणता, गाव कोणतं, इथे का आणलं, सगळं विचारलं. ती तिच्या भाषेत उत्तरं देत गेली, आणि नीट कान दिला तर ती बरीचशी आम्हाला कळत होती.

डॉक्टर दाराकडे वळले. "हिची मुलगी कुठे आहे?"

"आमच्या मोठ्या वहिनीकडे आहे, साहेब. चांगली आहे," दीर म्हणाला.

"हिला सांगितलंत का?"

"डोक्यावर परिणाम झालेल्या बाईला काय सांगायचं, साहेब?"

"बुधवारी मुलीला घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "आणि ही पिशवी ठेवा इथे. ही कुठे जात नाही."

ती लगेच बरी झाली नाही. औषधं पुढे बरेच महिने चालू राहिली असणार. पण तो पाठवणीचा कागद सिस्टरनी माझ्यासमोर दोनदा घडी घालून फाडला, आणि केस पेपरवर अंड्याची नोंद होती तिथे डॉक्टरांनी स्वतः रेघ ओढली.

राऊंड पुढे सरकला. मीही निघणार, तेवढ्यात तिनं हाक मारली. "ओ बाई! तुले कितला पोरं शेत?"

हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी कळलं. बीपीचं यंत्र छातीशी धरून मी परत तिच्याजवळच्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, "एक बी नही."

"मंग लगीन?"

"ते बी नही."

"आसं," ती म्हणाली आणि सरकून मला नीट न्याहाळू लागली. आता प्रश्न विचारायची पाळी तिची होती.