विजय मुहूर्ताची ओहोटी

माझ्या धाकट्या दिराला हल्ली लोक बोटीबद्दल सल्ला विचारायला येतात. पुरानंतर महाडात बोट घ्यायची टूमच निघाली आहे. ज्यांना भरलेली बादली न सांडता उचलता येत नाही, तेसुद्धा फायबरची होडी आणि मागे इंजिन लावून दारात उभी करतात. असा नवा बोटवाला आला की दीर सोफ्यावर मांडी घालतो आणि सुरू होतो. जॅकेट आधी घालायचं, मग बोटीत पाय ठेवायचा. इंजिनाची लाल दोरी मनगटाला अडकवायची, म्हणजे चालवणारा पडला तर इंजिन आपोआप बंद पडतं. छोट्या बोटीत उभं राहायचं नाही. वल्ही बरोबर हवीतच. पाणी चढतंय की उतरतंय हे बघितल्याशिवाय निघायचं नाही. समोरचा माना डोलावतो, आणि आतल्या खोलीत माझं डोकं फिरतं. कारण यातला एकेक शब्द माझा आहे. मी सांगितला तेव्हा हाच माणूस हसला होता.

तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, अहोजाहो करते. इथे करणार नाही.

बोट त्याने रत्नागिरीकडून आणली, कुठल्याशा रिसॉर्टने मोडीत काढलेली. टेंपोवर उलटी बांधून कशेडीच्या बोगद्यातून आली आणि आमच्या अंगणात उतरली. कारण सांगायला पूर होताच. ‘पुन्हा पाणी चढलं तर कुणाच्या तोंडाकडे बघायला नको,’ असं तो म्हणाला आणि क्षणभर मलाही ते पटलं. पुरात आम्ही सगळे दीड दिवस वरच्या मजल्यावर बसून होतो आणि खाली आमचा फ्रिज, कपाटं, गाद्या घरातल्या घरात तरंगत होत्या. पण पुरासाठी बोट घेणारा माणूस आधी वल्ही घेतो, लांब दोर घेतो. याने गाण्यांचा स्पीकर घेतला, थंड बाटल्यांचा डबा घेतला आणि बसायला लाल रेक्झिनच्या गाद्या शिवून घेतल्या. बोटीच्या आतल्या बाजूला पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर लिहिलेलं, माणसं चार. मी ती दाखवली. ‘वहिनी, नाते गावाला जाणाऱ्या सहा आसनी रिक्षात चौदा बसतात,’ तो म्हणाला. रिक्षा बुडत नाही, हे त्याला कोण सांगणार?

मला पाण्यातलं कळतं, यात माझी काही हुशारी नाही. माझं माहेर सवचं. लोकांना सव म्हटलं की गरम पाण्याची कुंडं आठवतात, मला सावित्रीचा काठ आठवतो. माझे वडील तिथे तर चालवायचे, म्हणजे माणसांना या काठावरून त्या काठावर नेणारी होडी. समुद्र लांब असला तरी त्याची भरती-ओहोटी खाडीतून थेट आमच्या दारापर्यंत येते. वडील म्हणायचे, पाण्यात जाणाऱ्याने आधी पाण्याला विचारावं, मग भटजीला. तिथीची पाऊणपट केली की खाडीच्या तोंडाशी भरती कधी ते निघतं, आणि वर आमच्याकडे ती पोचायला दीड-दोन तास जास्त धरायचे. हे गणित मला पाढ्यांच्या आधी येत होतं. पुढे तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, पण पुस्तकातल्या भरती-ओहोटीवर माझा कधी तेवढा विश्वास बसला नाही.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी दिराने जाहीर केलं, बोट दसऱ्याला पाण्यात सोडायची, विजय मुहूर्तावर, दुपारी दोन वीसला, सवच्या काठावरून. मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभी होते. दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. आमच्याकडे सकाळी नऊ-सव्वानऊला भरती, त्यानंतर पाणी उतरायला लागणार ते दुपारी साडेतीन-चारपर्यंत. वरून पावसाळ्याचं पाणी अजून येत असतं, ते ओढीत भर घालणार. दरवर्षी दसरा दशमीलाच येतो आणि विजय मुहूर्त दुपारीच येतो, म्हणजे दरवर्षी या मुहूर्ताला आमच्या काठावर ओहोटीच असते. तिथी आणि मुहूर्त एकाच कॅलेंडरात छापलेत, दोन्ही याच्या डोळ्यांसमोर, आणि याला एकच दिसतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘भाऊजी, त्या वेळी पाणी उतरत असेल. काही झालं तर बोट खाली दासगावकडे ओढली जाईल. पूजा मुहूर्तावर करा, बोट पाच वाजता सोडा.’

तो हसला. ‘वहिनी, तुमच्या वडिलांच्या तरीला इंजिन नव्हतं, म्हणून त्यांना पाण्याच्या पाया पडावं लागायचं. आपल्या बोटीला पंधरा घोडे आहेत.’

सगळे हसले. त्याचं मला काही नाही. पण माझा नवराही हसला. ज्या तरीच्या पैशावर मी डी.एड. झाले आणि पुढे माझ्या पगारावर या घराचा वरचा मजला चढला, त्या तरीवर हसला. मी स्वयंपाकघरात गेले आणि मनाशी ठरवलं, आता या बोटीबद्दल तोंड उघडीन तर बघा. शहाण्याला शब्दाचा मार असतो म्हणतात. इथे शब्द वाया घालवण्यात अर्थ नव्हता.

राहिली माझी जाऊ, दिराची बायको. ती पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली. तिच्या माहेरी नदी म्हणजे पावसात गर्जणारी आणि शिमग्यानंतर नुसती दगडांची. पोहणं सोडा, गुडघ्याच्या वर पाण्यात ती कधी गेली नव्हती. पुरात त्या दीड दिवसात ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिली होती आणि एकेक पायरी बुडताना मोजत होती. मी तिच्याशेजारी बसले होते. तेव्हापासून ती मला ताई म्हणायला लागली. आधी ती मला काहीच म्हणायची नाही, नुसती पदर सावरून उभी राहायची. या घरात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, ते ती.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही दोन रिक्षा आणि एका टेंपोने सवला गेलो. बोटीची पूजा पाण्याच्या कडेला मांडली. भटजी आले, शेजारचे आले, व्हिडिओ काढणारे तर मुबलक. झेंडूची माळ मी सकाळी ओवली होती, बोटीभोवती पुरेल अशी लांबलचक, नायलॉनच्या दोऱ्यात. तीन किलो झेंडू लागला. माझ्या वडिलांच्या तरीला माळ फक्त पुढच्या टोकाला, नाळेवर असायची, मागे कधीच नाही. दिराने ती पूर्ण बोटीभोवती फिरवली आणि उरलेलं हातभर शेपूट मागे इंजिनाशेजारी सोडून दिलं. फुलं पाण्यात डोलत होती आणि लोक छान छान म्हणत फोटो काढत होते.

मी ते शेपूट बघितलं. खाली पाण्यात इंजिनाचा पंखा कुठे आहे तेही मला दिसत होतं. मी तोंड उघडलं नाही.

इंजिनाची लाल दोरी त्याने मनगटाला लावली नव्हती. तिला लिंबू-मिरची बांधली होती, दृष्ट लागू नये म्हणून. जॅकेटं चारही आसनाखाली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुकानातून आली तशी. पहिल्याच दिवशी चिखलाने मळू नयेत, असं ठरलं होतं. वल्ही नव्हतीच. हे सगळं मला एकाच नजरेत दिसलं आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मनात म्हटलं, होऊ दे एकदा. मध्येच बंद पडू दे, चिखलात रुतून बसू दे संध्याकाळपर्यंत, काढू दे लोकांना व्हिडिओ. उतरेल जरा माज. यापलीकडे माझ्या डोक्यात काही नव्हतं, आणि तेवढंही नको होतं.

भटजी म्हणाले, पहिली फेरी जोडीने करायची. मी हे धरलंच नव्हतं. जाऊ लग्नातला शालू नेसून ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला. नवरा बोटीत बसून हाका मारत होता, लोक ‘बसा, बसा’ करत होते. ती ताट माझ्या हातात द्यायला आली आणि हळूच म्हणाली, ‘ताई, बसू काय मी? मला नाय कळत, तुम्हाला पाण्यातलं कळतं.’

तिला मी एवढंच म्हणायला हवं होतं, नको. किंवा, थांब, आधी ती माळ काढू दे आणि जॅकेट घाल. चार शब्द होते. पण आठवडाभर राग दाबून ठेवलेला, आणि नेमका तिचा नवरा तिकडून ओरडला, ‘वहिनींना काय विचारतेस, त्या पंचांग घेऊन बसतील!’ पुन्हा सगळे हसले. मी ताट हातात घेतलं आणि तिला म्हणाले, ‘तुझ्या नवऱ्याला विचार.’

ती गेली आणि बसली.

इंजिन सुरू झालं, टाळ्या वाजल्या. बोट वीसेक हात गेली असेल, तेवढ्यात मागचं शेपूट पंख्याने ओढून घेतलं. सगळी माळ बोटीच्या कडेवरून सरसर मागे गेली आणि इंजिन घरघरून बंद पडलं. काठावरच्यांना गंमत वाटली. मग बोट आपसूक आडवी झाली आणि खाली दासगावच्या दिशेने निघाली, मी सांगितलं होतं तशीच. दीर इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून थकला. मग तो उठून उभा राहिला आणि माळ सोडवायला मागच्या बाजूला वाकला. बोटीत दोनच माणसं, त्यातलं एक एका कडेला. बोट कलली, तो इंजिनाला धरून आत राहिला आणि माझी जाऊ बाहेर फेकली गेली.

शालू पाण्यात किती जड होतो हे नेसणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. ती एकदा वर आली, परत खाली गेली. दिराने आसनाखालून जॅकेट ओढून तिच्याकडे फेकलं, पिशवीसकट. ते तरंगलं, तिने ते धरलं, आणि गुळगुळीत प्लॅस्टिक हातातून निसटलं. दोनदा निसटलं. मी काठाने धावत होते, चपला कधीच चिखलात गेल्या होत्या. आठवडाभर बंद असलेलं माझं तोंड तेव्हा उघडलं. ‘उताणी हो! डोकं मागे टाक! हात मारू नको, पिशवी छातीशी कवटाळ!’ वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज आहे. तिला ऐकू आलं. ती उताणी झाली. याच पट्ट्यात थंडीत काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात, हे मला माहीत होतं, आणि त्यावर माझ्याकडे काहीही उपाय नव्हता.

पुढे वळणावर माझ्या माहेरचा एक म्हातारा आपली छोटी होडी घेऊन जाळी आवरत होता. वडिलांच्या बरोबरीचा. त्याने वल्हं मारत जाऊन तिला केसांनी धरली आणि गाळाच्या कडेला आणली. मी गुडघाभर चिखलातून पोचले. तो म्हणाला, ‘उताणी नको ठेवू गो, कुशीवर घे. गाळ गेलाय नाकातोंडात, पन जीव हाय.’ मग त्याने बोटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘तू काठावर असून या टायमाला सोडलीस तिला?’

मी तिला कुशीवर वळवलं आणि पदराने तिच्या नाकातोंडातला गाळ पुसायला लागले.

दीर बोटीसह गाळात रुतला तो संध्याकाळी भरती येईपर्यंत. व्हिडिओ निघालेच. जाऊच्या छातीत गाळाचं पाणी गेलं होतं, नऊ दिवस दवाखान्यात होती, ताप उतरेना. पहिले चार दिवस डॉक्टर स्पष्ट काही बोलत नव्हते. दीर तिच्या उशाशी बसून लहान पोरासारखा रडला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि तरी मला त्याची कीव आली नाही. घरी आल्यावर तिने त्याला दोन शब्द सुनावले आणि विषय मिटवला. पुढच्या महिन्यापासून तो लोकांना सल्ले द्यायला लागला. ‘अनुभवाने सांगतो,’ असं म्हणून सुरुवात करतो.

मी रोज तिच्यासाठी पेज नेत होते. ती घ्यायची, प्यायची, वाडगं परत द्यायची. एक दिवस न राहवून मीच म्हणाले, ‘बघ, मी आठ दिवस आधी सांगितलं होतं त्याला, ऐकलं का त्याने? पालथ्या घड्यावर पाणी.’ मला वाटलं, ती मान हलवेल.

ती म्हणाली, ‘ह्यांना नाय कळत. ह्यांचं काय घेऊन बसायचं.’ मग वाडगं माझ्या हातात देत म्हणाली, ‘तुम्ही बसा जाऊबाई, दमला असाल.’

याला आता दोन दसरे होऊन गेले. बोलते, हसते, माझं डोकं दुखलं तर तेल लावून देते, सणाला पाया पडते. ताई म्हणत नाही.