बांधावरच्या बाभळी आणि नाथाची मर्जी

मंडळी, ऐन थंडीत आज दुपारी आमच्या म्हसवडजवळच्या रानात वादळ शिरलं. दहा मिनिटांत कणसात आलेला शाळू आडवा झाला. घरची वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा, दोन्ही मातीत गेलं.

वारा अडावा म्हणून वडिलांनी पश्चिमेच्या बांधावर बाभळी लावल्या होत्या. त्यांच्या सावलीनं शाळवाच्या दोन ओळी खुरटतात, म्हणून माझ्या थोरल्या भावानं, आप्पांनी, दिवाळीनंतर त्या तोडल्या. मी नको म्हणत होतो.

आज त्याच बांधावर उभं राहून आप्पा म्हणाले, "नाथाची मर्जी रं. आपल्या हातात काय हाय?"

"आप्पा, कुऱ्हाड तुमच्याच हातात हुती की."

"तू लय शाना," म्हणत ते देवळाकडं निघाले. नाथ कोपला म्हणे, नारळ फोडायचा होता.

रविवारी मीही नाथाच्या पायरीवर डोकं टेकतो. पण स्वतःचा हावरेपणा देवाच्या नावावर खपवणारी भक्ती बघितली की मला किळस येते. अशा माणसांपेक्षा वारा बरा, तो निदान खोटं बोलत नाही.

उद्यापासून मी बांधावर खड्डे काढतोय. कुणाकडं बाभळीची रोपं आहेत का?