पृथ्वी तापतेय, हे सांगत फिरताना

गंभीर गोष्ट सांगायला बाहेर पडलं की लोक हसायला काहीतरी देऊनच परत पाठवतात. आम्ही तर सगळ्यांत गंभीर गोष्ट घेऊन हिंडत होतो. मग आमच्याकडे किस्से किती साठले असतील, तुम्हीच बघा!

ऐंशीच्या दशकाचा शेवट. नाशिकच्या एका कॉलेजात आम्ही तिघं शिकवायचो. देवरे सर फिजिक्स, साळवे केमिस्ट्री आणि मी भूगोल. देवरे सरांनी एका परदेशी मासिकात वाचलं, की कोळसा आणि पेट्रोल जाळून जाळून माणसानं हवेत इतका कार्बन डायऑक्साइड सोडलाय की अख्खी पृथ्वी तापायला लागलीये. सरांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "हे लोकांना सांगायला पाहिजे!"

झालं. दर रविवारी स्लाइड प्रोजेक्टर, दोन काचेच्या बरण्या आणि आम्ही तिघं, लाल एसटीत.

*

पहिलं भाषण ठेवलं इगतपुरीला. महिना आषाढ. आमची अक्कल बघा!

पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की देवरे सरांना ओरडून बोलावं लागत होतं. समोर सगळे घोंगड्या आणि शाली गुंडाळून कुडकुडत बसलेले. खुद्द सरांचे दात वाजत होते. तशाही अवस्थेत त्यांनी सांगितलं, बर्फ वितळेल, समुद्र वर येईल, पावसाचं वेळापत्रक कोलमडेल, उन्हाळे सोसवणार नाहीत.

भाषण संपलं. रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्डसाहेब उठले. कानटोपी सारखी करत म्हणाले, "सर, सगळं पटलं. फक्त एवढं सांगा, ही गरमी इगतपुरीला नक्की पोचणार ना? महिना झाला, सदरा वाळला नाही हो!"

*

आमची खरी अडचण होती भाषेची. 'ग्रीनहाउस इफेक्ट'ला सरांनी पुस्तकी शब्द शोधला, 'हरितगृह परिणाम'. लासलगावजवळच्या एका गावात त्यांनी तो अगदी झोकात वापरला. "हरितगृहामुळे आपल्या सर्वांवर परिणाम होणार आहे!"

लोक एकदम सावरून बसले. आम्हाला वाटलं, वा, मुद्दा पोचला!

मागून एक जण उठला. "सर, हे हिरवं घर सरकार समद्यांला देनार हाय का फकस्त आमदाराच्या मानसांला?"

देवरे सर हताश होऊन खाली बसले. मग साळवे उभे राहिले. साळवे ताडमाड उंच, आवाज खणखणीत. म्हणाले, "घर विसरा. गोधडी धरा. पृथ्वीच्या अंगावर हवेची एक गोधडी आहे. उन्हाची ऊब ती धरून ठेवते, म्हणून आपण जगतो. नाहीतर गारठून मेलो असतो. पण आपण धूर सोडतोय, झाडं तोडतोय, म्हणजे त्या गोधडीला थरावर थर शिवत चाललोय. आता आत बसलेल्याचं काय होणार?"

पुढच्या रांगेतली एक म्हातारी फटकन म्हणाली, "उकडंल की मेल्याला! शिवायचं थांबवा मंग!"

त्या दिवसापासून 'हरितगृह' कायमचं नाशकात राहिलं आणि गोधडी आमच्याबरोबर एसटीत आली.

*

बरण्यांचा प्रयोग हा साळव्यांचा जीव की प्राण. दोन्ही बरण्यांत थर्मामीटर. एकीत साधी हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड. दोन्ही उन्हात ठेवायच्या. गॅसवाली बरणी जास्त तापते. म्हणजे तापायला पाहिजे!

सिन्नरला कारखान्यातल्या कामगारांसमोर हा प्रयोग मांडला. साळवे बरण्यांशेजारी उभे राहून इतके रंगून बोलले की टाळ्याच टाळ्या. मग थाटात म्हणाले, "कुणीतरी पुढं या आणि आकडे वाचा!"

एक फिटर पुढं आला. वाचून म्हणाला, "साहेब, गॅसवाली गार आहे."

साळव्यांचा चेहरा पडला. पुन्हा वाचायला लावलं. तेच! देवरे सर माझ्या कानात कुजबुजले, "मॅडम, ते मासिक चुकलं की काय?"

तेवढ्यात फिटरनं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "साळवे साहेब, तुमची सावली पडलीये तिच्यावर. जरा सरका बाजूला, म्हणजे पृथ्वी तापंल!"

*

पेठच्या बाजूला भातवाले शेतकरी. तिथल्या शाळेत देवरे सरांनी सांगितलं, की मुख्य कारण कोळसा आणि तेल, पण भातखाचरातून आणि गुरांच्या ढेकरांतूनही मिथेन नावाचा गॅस निघतो, तोही ऊब धरतो. लोक ढेकर म्हटल्यावर पोट धरून हसले. एकजण मात्र हसला नाही. गंभीर चेहऱ्यानं उठला आणि बाहेर निघून गेला.

"दुखावला वाटतं बिचारा," मी म्हटलं.

थोड्या वेळानं तो परत आला. बरोबर धिप्पाड बैल! शाळेच्या दारात त्याला उभा केला आणि म्हणाला, "मॅडम, मी वाटेत लय समजावलं. ऐकत नाय. आता तुमीच सांगा!"

*

आपणही काहीतरी करायला हवं म्हणून साळव्यांनी स्कूटर सोडली. नाशिकरोडहून कॉलेजपर्यंत सायकल! एप्रिल महिना. पहिल्या दिवशी घामानं निथळत, लालबुंद होऊन स्टाफरूममध्ये शिरले. प्रिन्सिपॉल तिथंच होते. त्यांनी पंखा साळव्यांकडे वळवला. "साळवे, पृथ्वीचं मागनं बघू. आधी तुम्ही गार व्हा!"

*

एका शाळेत खिडक्यांना चादरी लावून स्लाइड्स चालल्या होत्या. देवरे सर ऐन भरात. "आपली बरीचशी वीज कोळशातून येते. म्हणून सांगतो, आजपासून, या क्षणापासून कोळसा कमी जाळा!"

खट्! लाइट गेली. प्रोजेक्टर बंद, पंखे बंद, सगळीकडे अंधार.

मागच्या बाकावरून आवाज आला, "कमी केला, सर!"

*

आणि आता देवरे सरांच्या आईचा किस्सा.

सरांचं गाव सटाण्याच्या बाजूला. आईची फार इच्छा होती, मुलानं डॉक्टर व्हावं. सर डॉक्टर झाले, पण फिजिक्सचे! गावातलं कुणी गुडघे दाखवायला आलं की आई दारातूनच अहिराणीत सांगून परत पाठवायची. "तो औशद देवावाला डॉक्टर नही. नुसता नावना शे." औषध देणारा नाही, नुसता नावाचा डॉक्टर! हे सर आम्हाला हसत सांगायचे, पण सांगून झालं की लगेच विषय बदलायचे.

गावोगाव हिंडणारे सर स्वतःच्या गावी भाषण ठेवायला मात्र तयार नव्हते. शेवटी साळव्यांनीच परस्पर ठरवून टाकलं.

मारुतीच्या पाराजवळ मंडप घातलेला. पुढच्या रांगेत आई, डोक्यावर पदर, चेहरा कडक. टेबलावर मी वर्गातला पृथ्वीचा गोल आणून ठेवला होता. दुपारचं ऊन सरकत सरकत त्याच्यावर आलं होतं. सर उभे राहिले आणि पहिल्या वाक्यालाच अडखळले. पाणी प्यायले. मग काय झालं कोण जाणे, पुस्तकी मराठी सोडून ते सरळ अहिराणीत बोलायला लागले. इतकं सुंदर बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. गारपीट, आटणाऱ्या विहिरी, धूर, गोधडी, सगळं आलं.

भाषण संपल्यावर टाळ्या झाल्या, चहा आला. आई उठली. सर हात पुसत उभे, परीक्षेच्या निकालाला पोरगा उभा राहावा तसे. पण ती त्यांच्याकडे गेलीच नाही. टेबलापाशी गेली. त्या गोलावर तिनं हाताची मागची बाजू टेकवली, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी.

मग मुलाकडे वळून म्हणाली,

"आंग तापेल शे, डॉक्टर. आते औशद काय देस, ते सांग!"