रोम राक्षसांनी बांधलं, असं मी म्हणाले तेव्हा

बहारीनला जायचं ठरलं सुनेच्या पत्रामुळे. "आई, नीलू वर्गात भाषणाला उभी राहिली की रडायलाच लागते. तुम्ही या." मी चौथी नापास, पण बोलण्यात कुणाला हार गेलेली नाही. निघाले. मुंबईहून विमान तीन-एक तासांत पोचतं. बायांनो, लोणच्याची बरणी नीट बांधा हं. माझी गळली. कस्टमवाल्याने पिशवी हुंगली आणि "यल्ला, यल्ला" करत मला पुढे घालवलं. तपासणी वाचली!

नीलू, माझी नात, बारा वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. शनिवारी भाषण. विषय काय, तर रोमचं राज्य बुडाल्यावर मागच्या लोकांना ते कसं आठवत होतं. "नो आजी, आय कान्ट," म्हणून उशीत तोंड.

तिकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून मुलाने गाडीने आली नावाच्या गावी नेलं. टॅक्सीही जाते, भाडं आधी ठरवा. तिथे जिकडेतिकडे मातीचे ढिगारे, म्हणे हजारो वर्षांची थडगी. एक ढिगारा पोखरून कुंभाराने आत भट्टी लावलेली!

"रोमचंही असंच," नीलू पुटपुटली. "जुने दगड काढून लोकांनी चर्च बांधली."

"पण मुळात बांधलं कोणी?"

"त्यांना वाटायचं, जायंट्सनी. म्हणजे राक्षसांनी."

"मग बरोबरच आहे की! आमच्या नाशकाची लेणी नाही का पांडवांनी एका रात्रीत कोरली?"

"आजी! राक्षस नव्हते! माणसंच होती!"

"माणसाला उचलतात होय एवढे दगड? भीमासारखा कोणीतरी असणार."

झालं! पोरगी भडकली. चक्क मराठीत! "अगं, त्यांच्याकडे दगड उचलायची यंत्रं होती! नंतरचे लोक लाकडाची घरं बांधायचे. मोठं दगडकाम विसरलेच, म्हणून त्यांना राक्षस वाटले!" हातवारे करत पाव तास. कुंभाराने चाक थांबवलं आणि हिंदीत म्हणाला, "बेटी, और समझाओ. अम्मा नहीं मानी."

नव्हतेच मानले. खरं सांगू, अजूनही पुरतं पटलेलं नाही.

शनिवारी शाळेतून ती उड्या मारत आली. "आजी, मी रडलेच नाही! मला वाटलं, समोर सगळ्या बाकांवर तूच बसलीयेस, काही न समजलेली!"

आता नाशकात परत आलेय. आणलेले खजूर संपले, उन्हाने काळवंडलेलं नाक तेवढं उरलंय. काल नीलूचं पत्र आलं, वाकड्या मराठीत: "आजी, पुढचा विषय इजिप्त. तुला काय वाटतं ते लवकर कळव."

मला इजिप्तबद्दल काहीच वाटत नाही हो! पण पोरीचं अडायला नको. शेजारणीला बोलावलंय. दोघी मिळून काहीतरी चुकीचं शोधतोय.