पत्रावळी वाचणारी पद्माक्का

कुठल्याही लग्नघरी गेली की पद्माक्का आधी नवरी बघायची नाही, नवरदेवही नाही. ती थेट मांडवामागं जायची, जिथं उष्ट्या पत्रावळी टाकलेल्या असत. तिथं नाकाला पदर लावून उभी राहायची आणि कुणी काय टाकलंय ते निरखून बघायची. लहानपणी मला वाटायचं, ही बाई वेडी आहे. गावातल्या पुष्कळ मोठ्या माणसांनाही तसंच वाटे, पण तोंडावर कुणी बोलत नसे. पुढच्या वर्षी आपल्या मुलीच्या लग्नाला त्यांना पद्माक्काच लागणार होती.

सांगलीपासून चार कोसांवर आमचं गाव. पद्माक्का आमच्या शेजारची, जैनाघरची. नवरा तरणाच गेला, मूलबाळ नाही, चार एकर जमीन स्वतः कसायची. माहेर कर्नाटकाच्या शिवेवरचं. त्यामुळे फार रागावली की ती कानडीत बोले आणि शिव्या कुणाला कळत नसत, ही गावाची मोठीच सोय होती. थोडक्यात पण नीटनेटकं लग्न काढून द्यावं ते तिनंच. "खर्च म्हंजी पाव्हणा," ती म्हणे. "या म्हणायचं, पन कवा जायाचं त्ये बी सांगायचं." वाढप्यांना तिची ताकीद असे, "जेवणारा पोटानं जेवतो आन् वाढणारा नाकानं वाढतो. नाक जरा खाली धरा रं!"

माझं लग्न ठरलं तेव्हा लढाई चालू होती. साखर, रॉकेल, कापड, सगळ्याला परमिट. माझे वडील गावच्या शाळेत मास्तर. आम्ही तिघी बहिणी, मी थोरली. स्थळ आलं फलटणकडचं. मुलगा लष्करात, तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला. लग्न त्या रजेत झालं तर झालं, नाहीतर पुढचं कुणी सांगावं?

पगारात तर घरच जेमतेम चालायचं. ओढ्याकाठी आमचं एक वावर होतं, तेवढंच. त्याच्या ज्वारीवर आमचे निम्मे दिवस निघत. बांधाशेजारच्या शेतकऱ्याचा त्यावर डोळा होता. "मास्तर, हो म्हणा, इसार आजच देतो," असं तो येताजाता ऐकवी. पद्माक्काला हे ठाऊक होतं. वडील तिला बोलवायला गेले तेव्हा ती उंबऱ्यातच म्हणाली, "वावर इकणार नसाल तर मी लग्नाला हात लावते. इकायचं असंल तर सांगलीचा आचारी बोलवा."

वडिलांनी शब्द दिला. मग तिनं कात्री चालवली. मांडवाला उसाचं पाचट, वाजंत्री एकच जोडी, माझा शालू म्हणजे आईचाच, पुन्हा रंगवून घेतलेला. वडील सगळ्याला मान डोलावत होते. गाडं अडलं ते गोडावर. तिचं म्हणणं, गुळाची हुग्गी करू. हुग्गी म्हणजे आमच्याकडची खपली गव्हाची खीर. वडील एकदम उसळले. "पद्माक्का, ती साखर कारखान्याकडची माणसं! त्यांच्या पानात गूळ वाढू? उद्या म्हणतील, मास्तरानं पोरगी गुळावर काढली!"

 पद्माक्का खाली बसली.

"मास्तर, माझ्या लग्नात पाच दिस बुंदी हुती. मी न्हवरी, नऊ वर्साची. मागल्या दारी गेले तर कुत्री बी लाडू हुंगून सोडत हुती. म्हैन्यानं माझा बा दुसऱ्याच्या मळ्यात कामाला गेला. तवापास्नं मी कुणाच्या बी लग्नात आधी मागल्या दारी जाते."

वडील वरमले, पण हट्ट काही सुटला नाही. शेवटी तडजोड झाली: परमिटवर मिळेल तेवढ्याच साखरेचे लाडू, पन्नास वऱ्हाड्यांपुरते. पन्नासच माणसं आणू, असा सोयऱ्यांचा निरोप होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मिरज स्टेशनावरून बैलगाड्या आल्या. मी हळदीच्या अंगानं मागच्या खिडकीत बसले होते. गाड्यांचा खडखडाट संपेचना. धाकटी बहीण माणसं मोजून आली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "नव्वद!"

आता शहाण्या माणसानं लाडवांच्या डब्याला कुलूप लावलं असतं. माझ्या वडिलांनी झाकण काढलं. आल्या आल्या हात आखडला असं दिसायला नको, म्हणून त्यांनी नव्वद पानांवर लाडू वाढायला लावले. जेवणं उठली तेव्हा डब्यात चुरा उरला होता आणि लग्न तर दुसऱ्या दिवशी होतं. वडिलांनी फेटा बांधला, वहाणा पायात सरकवल्या. कुठं निघालात, असं आईनं विचारलंसुद्धा नाही. काळ्या बाजारात साखर मिळत होती, पण रोख मोजून, आणि रोख म्हणजे वावराचा इसार.  माझ्या लग्नाच्या एका जेवणासाठी धाकट्या दोघींच्या तोंडची भाकर जाणार होती.

पद्माक्का दारात आडवी आली. "थांबा. मी मागं जाऊन येते. मग जावा कुठं जायाचं तिकडं."

ती माझ्या खिडकीखालीच पत्रावळींपाशी आली, वाकली, एकेक उलटून बघू लागली. मग जानवशावरून तिनं चक्क माझ्या होणाऱ्या सासूबाईंना तिथं बोलावून आणलं. वरमाईला उष्ट्यापाशी उभं करायचं! मी डोळे मिटून घेतले.

"विहीणबाई, आमटी पुसून खाल्लीया, भाकरीचा तुकडा न्हाई. आन् लाडू पानापानावर तसंच. वंगाळ झाल्यात व्हय?"

सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "न्हाई वो, अक्का! लाडू चांगलं हायत. पन आमच्या प्रत्येक घरानं शिदोरीला लाडूच बांधल्यालं. दोन दिस गाडीत त्येच. आता बघवंना झाल्यात." मग आवाज खाली आला. "आन् खरं सांगू? पन्नास म्हनलो आन् नव्वद आलो. दीर ऐकंनात. मास्तरांस्नी तोंड कसं दावू म्हून मला घास गिळंना झालाय."

"माहेर कुठलं तुमचं?"

"जत."

पद्माक्कानं कपाळावर हात मारला. "जतची लेक! म्हंजी आमच्या शिवेकडलीच की! मग हुग्गी कवा खाल्लीसा शेवटची?"

"लय वर्सं झाली," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या सासूचं पहिलं हसू मी त्या उष्ट्या पत्रावळींच्या ढिगापाशी बघितलं.

पुढं सगळं भराभर झालं. पद्माक्कानं स्वतःच्या कणगीतली खपली काढली. "ह्यो माझा आहेर. भांडी न्हाई देणार," म्हणाली. गूळ गावच्याच गुऱ्हाळाचा. खपली कांडायला हात कमी पडू लागले, तशी सासूबाईंनी पदर खोचला आणि मुसळ उचललं. वरमाई उखळाशी म्हटल्यावर फलटणच्या बाया मागं कशाला राहतील? ज्यांची सरबराई करायची त्याच आमच्या अंगणात घाम गाळत जात्यावरची गाणी म्हणत होत्या. वडील फेटा बांधलेलेच ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी नव्वद वऱ्हाडी आणि आमचं सगळं गाव जेवलं. सासूबाईंच्या त्या दिरांनी तर हुग्गीचे तीन द्रोण संपवले आणि वर म्हणाले, "मास्तर, उगं साखरंच्या नादी लागला न्हाई, झ्याक केलंसा."

पाठवणीची वेळ झाली. गाडी जुंपलेली. आई रडत होती, बहिणी रडत होत्या, आता माझ्याकडून सगळ्यांची तीच अपेक्षा होती. वडील जवळ आले. सांभाळून राहा, मोठ्यांचा मान ठेव, असं काहीतरी म्हणतील म्हणून मी वाकले. ते कानाशी एवढंच म्हणाले, "शांते, वावर राहिलं गं."

आणि मला हसू फुटलं. आवरेना. दोन दिवस छातीवर असलेला धोंडा एकदम उतरला, तो हसूनच उतरला. माहेर सोडताना हसणारी नवरी! चार बायकांच्या भुवया वर गेल्या. तेवढ्यात कुणीतरी मागून माझ्या डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढला. ती पद्माक्का होती. तिचे डोळे वाहत होते.

"हास, पोरी," ती पदराशी तोंड आणून पुटपुटली, "आतल्या आत पोटभर हास. रडायला आमी हाय न्हवं."